दिवसा झोपणाऱ्यांचं घर

बुटीबोरीहून कंपनीची बस सव्वासातला
मानेवाडा चौकात सोडते.
भुवयांवर कापसाची पूड, कानात अजून रिंगफ्रेमची घरघर.
तीन वर्षं मी असाच घरी आलो
आणि तीन वर्षं मितू माझ्यासोबत दुपारी झोपली,
कूलरसमोर, ओल्या वाळ्याच्या वासात,
तिची टाच माझ्या बरगडीत.
साडेबाराला ती अशी विझायची
जशी आमच्या गल्लीची लाइन जाते,
न सांगता.

रात्री मात्र साडेअकरा व्हायचे.
“मले झोप नाही येऊन राह्यली,”
आणि प्रणोती तिला कडेवर घेऊन गच्चीवर
शेजाऱ्यांच्या टाक्या मोजत फिरायची.
मी तेव्हा पंचवीस किलोमीटरवर
तुटलेला धागा तुटलेल्या धाग्याला लावत असायचो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात
निखाडे बाईंच्या बालवाडीत नाव घातलं.
दोन खोल्या, एक झोपाळा, नळापाशी रांग.
पहिले चार दिवस जाळीला धरून रडली.
पाचव्या दिवशी मनगटावर
निळ्या पेनानं काढलेला तारा घेऊन आली.
“रडलं नाही की बाई देते.”
आंघोळीत तो हात तिनं बादलीबाहेर ठेवला.

बाई म्हणतात, फार शहाणी आहे हो तुमची,
डबा वाटून खाते, आपली पाळी येईस्तोवर थांबते.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
कारण आमच्याकडे रोज पाच वाजता
केळं मधून तुटलं म्हणून
जमिनीवर लोळण.
ते परत जोडून द्या म्हणून.
शेवंता मावशी, ज्या पोरांची नाकं पुसतात, त्या हसल्या :
“दिवसभर शहाणपण घालून बसते लेकरू.
घरी आलं की चपलीसारखं काढून फेकते. फेकू द्या.”

दुपारची झोप गेली ती गेलीच.
आता ती पावणेआठला ताटावरच कलंडते,
बोटं वरणात, तोंडात अर्धा घास.
प्रणोती तो घास हळूच काढून घेते
आणि मग अख्खी संध्याकाळ तिच्यासमोर
घडी न मोडलेल्या पातळासारखी पडून राहते.
पहिल्या आठवड्यात तिनं नुसते डबे घासले.
मग एकदा एकटीच बसून
चहा प्याली, गरम.

राहिलो मी.
सकाळी डोळे मिटतो, साडेबाराला उघडतात,
नेमके, घड्याळ न पाहता.
बरगडीत काही रुतत नाही.
कूलर तोच, वाळा तोच,
वरच्या मजल्यावरचं मिक्सर मात्र थेट डोक्यात फिरतं.
महिनाभरात मी गॅसवाल्याशी भांडलो,
सुपरवायझरला उलट बोललो,
आणि एका सोमवारी भाजीत मीठ कमी म्हणून
डबा भिंतीवर मारला.
भिंतीवर वांग्याचा डाग अजून आहे.
“तुम्हालाच टाकायला पाहिजे होतं बालवाडीत,”
प्रणोती म्हणाली. हसली नाही.

रविवारी मितू घरी.
मी म्हटलं, चल, झोपू दोघं, पहिल्यासारखं.
ती आली, पण झोपायला नाही.
उशाशी मांडी घालून बसली, आवाज बाईंचा :
“डोळे बंद. हाताची घडी.
कोण बोलून राह्यलं?”
मी बोलत नव्हतो.
“पाय हलून राह्यले तुमचे.”
पाय थांबवले.
मग तिनं कपाळावर तळवा ठेवला,
चिकट, आंब्याच्या बर्फीचा,
आणि मोजायला लागली :
एक, दोन, तीन, चार, सात,
सात,
सात...

उठलो तेव्हा अंधारलं होतं.
कूलरची टाकी कोरडी, पंप नुसताच कण्हत होता.
मितू ताटावर कलंडून गेलेली.
माझ्या मनगटावर निळा तारा,
पाच टोकांचा नाही, किती टोकांचा कोण जाणे,
एक टोक पार कोपरापर्यंत गेलेलं.

रात्रीच्या बसमध्ये कुणी विचारलं नाही.
बाही मी दुमडलेलीच ठेवली.